निळ्या फेजचे वीस फेरे

लाभ

लाल–पिवळी : चार पॉइंट सहा.
पिवळी–निळी : चार पॉइंट एक.
निळी–लाल : चार पॉइंट एक.

हरिदासने मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून पाहिली. पॉइंट तीन. ते मीटरच्या स्वतःच्या वायरींचं, नेहमीचं. त्याने मीटरचा मागचा पत्रा उघडून बॅटरी बदलली. मोटरमधून बाहेर आलेल्या तिन्ही वायरींची टोकं चाकूने खरवडून तांबं चकचकीत केलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

चार पॉइंट सहा. चार पॉइंट एक. चार पॉइंट एक.

बोअरमधल्या मोटरच्या पोटात तीन फेज भरलेल्या असतात आणि तिन्हींत तार सारखी असावी लागते. कोणत्याही दोन वायरी धरा, मीटरवर आकडा तोच आला पाहिजे. इथे निळी मध्ये आली की आकडा घसरत होता. म्हणजे निळीत तार कमी भरत होती. त्याची कारणं दोन. एक तर आत कुठेतरी तारेवरचं प्लास्टिक सोलवटून फेरे एकमेकांना चिकटले असतील, शॉर्ट. नाहीतर मुळातच फेरे कमी पडले असतील.

मोटर दसऱ्यानंतर त्यानेच भरली होती. फेरे मोजले होते तानाबाईने, त्याच्या बायकोने.

शॉर्ट असू दे, हरिदास मनात म्हणाला. कितीही काम पडो, शॉर्ट असू दे.

दोन

मोटर अल्लीपूरच्या भैयाजीची. सकाळी तो ती छोटा हत्ती टेम्पोत टाकून देवळीला घेऊन आला, तेव्हा त्याच्याआधी त्याचा आवाज दुकानात शिरला.

"हरिभाऊ, घ्या तुमचं लेकरू. पाच मिन्टं चालते अन् रुसते."

"स्टार्टर पडते काय?"

"पडते म्हंजे? मी बटन दाबून वाफ्यात पोचत नाई तं इकडे पडलेला. चण्याच्या एका सरीत पाणी अन् दुसरीत कोरडं धुपट."

"लाइन पाह्यली? केबल?"

"सारं पाह्यलं. स्टार्टर तं शेजाऱ्याचा लावला. आता मोटरच्या पोटातलं तेवढं राह्यलं, थे आमच्यानं होत नाई."

तानाबाई दाराशी बसून वायरीचे तुकडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भैयाजी, मोटर मालकावर गेली असन. काम पाच मिन्टं अन् घुरघुर दिवसभर."

"म्हूनच तं म्हणतो वयनी, चहा पाजा. पाच मिन्टं तं करीन काम."

"चहा पेल्यावर तं तुम्ही अजून झोपता."

भैयाजी मोठ्याने हसला. तिच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. हरिदासला हे नंतर पुन्हा पुन्हा आठवलं, कारण पुढे डॉक्टरनेही तेच विचारलं होतं, बोलणं कसं आहे.

तीन

स्टेटर म्हणजे हातभर लांब लोखंडी नळी, आतून खाचा पाडलेली. ती लाकडी घोडीवर आडवी ठेवतात. एका तोंडाशी एक माणूस बसतो, दुसऱ्या तोंडाशी दुसरा. इकडचा माणूस तार एका खाचेत सारतो. तिकडचा ती ओढून घेतो आणि दुसऱ्या खाचेतून परत पाठवतो. तार गेली, आली, एक फेरा झाला. असे चोवीस फेरे म्हणजे एक कॉइल. बारा कॉइल म्हणजे एक मोटर.

चौतीस वर्षं भिंतीकडच्या तोंडाशी हरिदास बसत होता आणि दाराकडच्या तोंडाशी तानाबाई. नळीतून तिचा चेहरा गोल दिसे आणि त्याच्यामागे रस्ता, वर्ध्याच्या बससाठी उभी असलेली माणसं. मोजणी तिची. हरिदासचं लक्ष तारेच्या ताणावर असे, तार कुठे घासत नाही ना, खाचेत आडवी पडत नाही ना. आकडा त्याच्या डोक्यात थांबत नसे. तिच्या डोक्यातून तो हलत नसे. मोजता मोजता ती भाजीवालीशी घासाघीस करी, वर्षाली लहान असताना तिला मांडीवर झोपवी, आणि पुढचा आकडा बरोबर जागेवर म्हणे.

तिचे वडील हिंगणघाटच्या बाजारात मापारी होते. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला ते एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. पहिल्या मापाने घरात बरकत यावी म्हणून. तानाबाई तारेचे फेरेही तसेच मोजायची. नवं गिऱ्हाईक ऐकून हसायचं. जुनं गिऱ्हाईक हसत नसे, निर्धास्त होऊन चहा प्यायला जाई.

चार

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी हरिदासने नागपूरहून पहिला मीटर आणला. काट्याचा, काळ्या डबीतला. त्या दिवशी भरून झालेल्या मोटरला त्याने तो हौसेने लावला आणि तिन्ही वेळा काटा एकाच जागी थांबलेला पाहून म्हणाला, "बरोबर हाय."

तानाबाईने हातातली पक्कड खाली ठेवली.

"काय बरोबर हाय?"

"मोजणी."

"मंग तुम्ही काय पाहून राह्यलते? चूक हाय काय म्हून?"

ती घरी गेली. दोन दिवस ती दुकानात आली नाही आणि जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी हरिदासने मीटरवर हात ठेवून शब्द दिला. तारेतून करंट जातो की नाही एवढं तो पाहील. बॉडीला लागतो की नाही ते पाहील. पण तिच्या मोजणीवर मीटर लावणार नाही.

शब्द त्याने पाळला. काट्याचा मीटर गेला, आकड्यांचा आला, तोही बदलला. प्रत्येक मीटरची फिरकी नव्या मोटरसाठी फक्त या दोन तपासण्यांवर फिरली. लोकांना तो हे अभिमानाने सांगायचा. आपल्याकडे मोजणीवर मीटर लागत नाही.

भैयाजीची मोटर दिली त्या दिवशी पाण्याच्या टाकीत चालवून पाहताना एका वायरीत करंट जास्त दिसला होता. गावची लाइन, तीन फेज कधी सारख्या असतात, असं म्हणून त्याने मोटर बंद केली होती आणि गाडीत चढवली होती.

पाच

तानाबाई दुपारी जेवून घरी पडायला गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे. हरिदासने मोटर उघडली, आतला फिरणारा रोटर बाहेर काढला, स्टेटर घोडीवर ठेवला. टॉर्च लावून निळ्या वायरीचा माग काढत तिच्या पहिल्या कॉइलपाशी आला.

पहिल्यांदा त्याने वेष्टण पाहिलं. बोट फिरवलं, भिंग लावलं. प्लास्टिक कुठेही सोललेलं नव्हतं, तापून मऊ पडलेलं नव्हतं. तार नवी दिसत होती.

त्याने छिन्नीने कॉइल एका बाजूला कापली आणि टोकं एकेक करून बोटांनी वेगळी केली.

चौदा.

पुन्हा मोजलं. पुन्हा चौदा. दुसरी कॉइल कापली. तिच्यातही चौदा. तिसरीत चोवीस होते. चौथीतही.

तो तसाच बसून राहिला, हातात कापलेल्या तारा धरून. चौदा. हा आकडा कसा पडला असेल ते त्याला कळलं आणि कळताक्षणी ऐकू आलं. बारा, तेरा, चोवीस. दहाची पायरीच गळालेली. ती हे मनात म्हणाली नसणार. ती मनात कधीच मोजत नसे. मोठ्याने म्हणाली असणार, त्याच्या तोंडासमोर, हातभर नळीच्या त्या टोकाला. एकदा नाही, दोनदा. आणि तो ताण पाहत होता.

पोळ्याच्या आसपास एकदा ती मध्येच पुन्हा लाभ म्हणाली होती. नऊ, दहा, लाभ. तो हसला होता. त्याला वाटलं, थट्टा करते.

सहा

"कापली?"

ती दारात उभी होती. तिच्या येण्याची वेळ अजून झाली नव्हती.

"जळाली होती," हरिदास म्हणाला.

तानाबाई आत आली. खाली पडलेला तारेचा तुकडा उचलून तिने नाकाशी धरला. चौतीस वर्षांत तिने शेकडो जळक्या मोटरी उकलल्या होत्या. तो वास साबणानेही हाताचा जात नाही.

"वास तं नाई येऊन राह्यला."

"थोडीशीच जळाली."

तिने तुकडा जपून पेटीत टाकला, भंगाराच्या नाही, चांगल्या तारेच्या. मग चहा मांडायला गेली.

सात

दसऱ्यापासून पाच मोटरी भरल्या होत्या. भैयाजीची एक. दोन दुकानात, गिऱ्हाईक न्यायला यायचं होतं. त्यांना हरिदासने तानाबाईची पाठ असताना मीटर लावला. एक बरोबर. एक नाही.

दोन शेतांत उतरलेल्या. त्याने फोन केले.

"पाटील, मोटर वर काढून आणजा. तार खराब निघाली त्या लॉटची. मी फुकटात भरून देतो."

"चालून राह्यली ना बाप्पा. कशाले चालत्या मोटरले वर काढता?"

"जळन."

"जळली तं आणीन मंग."

दुसरा फोन कारंज्याकडचा. तिथे मोटर परवाच जळाली होती. तो माणूस चिडलाही नाही, म्हणाला, "आमचीच लाइन खराब हाय हरिभाऊ, तुमच्या कामात काय दोष असन." हरिदासने फोन ठेवला आणि पुढे कितीतरी वेळ त्याला पक्कड सापडेना. ती त्याच्या मांडीवर होती.

आठ

वर्षाली, त्यांची मुलगी, हिंगणघाटला दिलेली, अंगणवाडीत काम करायची. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, मले सांगाचं होतं पह्यले."

"मले तरी कुठं माहीत होतं."

"दिवाळीत आई पत्ते वाटतानी आकडा चुकून राह्यलती तवा मले शंका आलती. मी बोलली नाई."

"काऊन?"

"तुम्ही दोघंबी हसून राह्यलते."

नऊ

वर्ध्याच्या डॉक्टरने तानाबाईला नाव विचारलं, गाव विचारलं, आज कोणता वार ते विचारलं. तिने सगळं सांगितलं. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काढलं. मग तो म्हणाला, "मावशी, शंभरातून सात सात कमी करत उलटं मोजा बरं."

"उलटं काऊन?"

"सहज."

"उलटं कोणी मोजते काय डॉक्टरसाहेब? उलटं मोजलं तं भरलेली तार बाहेर येते."

डॉक्टर हसला. वर्षालीही हसली. तानाबाईने त्र्याण्णव म्हटलं. मग बराच वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "पाणी मिळन काय?"

बाहेर तिला बाकावर बसवून डॉक्टरने बाकीच्या दोघांना आत बोलावलं. हे हळूहळू वाढणारं आहे, तो म्हणाला. गोळ्यांनी थोडं थोपवता येईल, परतवता येणार नाही. काहींचं आधी बोलणं जातं, काहींच्या वाटा जातात. यांचे आकडे आधी जात आहेत. हिशोबाचं काही काम करतात का त्या?

हरिदासने वर्षालीकडे पाहिलं. 

"मोटरी भरतात," वर्षाली म्हणाली.

दहा

"आता तिले दुकानात नका बसवू," परतीच्या बसमध्ये वर्षाली म्हणाली.

"घरी बसून काय करन थे?"

"आराम करन."

"आराम तिले येत नाई."

"मंग गल्लीतल्या मुकेशले ठेवा. आयटीआय केलेला हाय, थो मशीननं मोजते."

हरिदासने पुढे पाहिलं. बसच्या पुढच्या सीटवर तानाबाई खिडकीशी बसली होती. बाहेर तूर फुलली होती, पिवळी. दाराकडच्या तोंडाशी मुकेश बसलेला त्याने डोळ्यांसमोर आणून पाहिला. नळीतून दुसऱ्याच कुणाचा चेहरा. घरी चौतीस वर्षांत ती दोघं एकमेकांसमोर अशी कधी बसलीच नव्हती. घरी ती चुलीकडे, तो टीव्हीकडे. समोरासमोर बसायची जागा एवढीच होती, आणि तिथे तिने काय करायचं तेच आता निसटत होतं.

तो ती जागा काढून घेणार नव्हता. मोजणी तीच करील. चुकली तर चुकू दे. खरे फेरे तो मोजील, तिला न कळू देता.

अकरा

सरकी त्याने जिनिंगच्या आवारातून मूठभर आणली. दगड वाजले असते, बेअरिंगच्या गोळ्या वाजल्या असत्या. सरकीच्या अंगावर कापूस असतो, ती वाटीत पडली तरी आवाज होत नाही. मांडीच्या आड दोन वाट्या. एकीत चोवीस सरक्या, दुसरी रिकामी. एक फेरा आला की एक सरकी इकडून तिकडे.

भैयाजीच्या मोटरची निळी फेज. पहिली कॉइल.

"लाभ. दोन. तीन." तार येत होती, जात होती. "सात. आठ. थे पाहा, डेपोची नवी बस. नऊ." रस्त्यावरून कोणीतरी हात केला, तिने मान हलवली. "दहा. अकरा. बारा. तेरा. चोवीस. झालं."

वाटीत दहा सरक्या शिल्लक होत्या. आज त्याने ते ऐकलं. किती सहज म्हणाली ती, कुठेही न अडखळता, जुन्या वाटेवरून चालल्यासारखं.

"अजून काढ," तो म्हणाला.

"चोवीस झाले ना."

"हे तार बारीक हाय. जास्त फेरे लागते."

"किती?"

"मी सांगतो."

तिने तार ओढली. दहा फेरे ती आकडा न म्हणता ओढत राहिली.

दुसरी कॉइल. या वेळी तिने दोन आकडे दोनदा म्हटले, मग मागे आली, पुन्हा पुढे गेली. वाटी रिकामी झाली तेव्हा ती सतरावर होती.

"बस," हरिदास म्हणाला.

"सतराच झाले."

"खाच भरली."

तिने खाचेत करंगळी घातली. "जागा हाय अजून."

 तार दोघांच्या मध्ये सैल पडली. नळीतून तो तिचा चेहरा पाहत होता आणि ती त्याचा.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी किती म्हणू?"

बारा

ती उठली. घोडीला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला आली. काम चालू असताना ती कधीच इकडे येत नसे. तिने त्याच्या मांडीआडची वाटी उचलली.

"हे काऊन?"

त्याने खोटं बोलायचं ठरवलं आणि त्याच्याने झालं नाही. "मोजाले."

"कवापासून?"

"आजपासून."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी नाई. तुहीच मोजणी."

"म्हूनच तं भैयाजीची मोटर वापस आली." ती वाटीतली सरकी बोटाने ढवळत होती. "वास आला नाई तवाच समजलं मले. थे जळाली नवती."

हरिदासने हातातली तार खाली ठेवली.

"अजून किती?"

"पाटलाची धरली तं तीन हाय."

"तीन," ती म्हणाली. तो आकडा तिने नीट धरून पाहिला, जणू आता त्याचाही भरवसा नव्हता. "मीटर लावाचा होता तुम्ही."

"शब्द देलता तुले."

"म्या नाई म्हणलं तरी लावाचा होता."

"दोन दिवस जेवली नसती तू."

"नसती जेवली. मोटरी तं चालल्या असत्या लोकाच्या!"

तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. ती वाटी खाली ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, एक हात घोडीवर टेकून. हरिदास उठला. तिला हात लावावा की नाही हे त्याला समजेना. दुकान उघडं होतं, रस्ता समोर होता. त्याने शटर अर्धं खाली ओढलं. एवढंच त्याला करता आलं.

थोड्या वेळाने ती अर्ध्या शटरखालून वाकून घरी गेली.

तेरा

चार दिवस ती आली नाही. मुकेशला हरिदासने बोलावलं नाही.

एकट्याने स्टेटर भरता येत नाही असं नाही. इकडून तार खाचेत सारायची, उठायचं, घोडीला वळसा घालून दाराकडे जायचं, बसायचं, तार ओढायची, दुसऱ्या खाचेतून परत सारायची, उठायचं, भिंतीकडे यायचं. एका फेऱ्याला दोनदा उठायचं. गुडघे तिसऱ्या कॉइलला बोलू लागले. सरकी हलवायची की उठायचं हे विसरायला होई, मग सगळं बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि पाहत राहिली. तो तिच्या बाजूला बसला. उठला. आपल्या बाजूला बसला. उठला.

"दुकानात परदक्षिणा घालून राह्यले काय?"

"हो. देव पावत नाई."

"कमर जाईन."

"गेलीच हाय."

ती डबा ठेवून उभी राहिली. मग चपला काढल्या आणि दाराकडच्या तोंडाशी बसली. पदर खोचला. हात पुढे केला.

"सारा तार. मी मोजणार नाई."

त्याने तार सारली. तिने ओढली, वळवली, परत पाठवली. तिच्या बोटांना काही विसरलेलं नव्हतं. ताण तसाच, वळण तसंच.

 मग हरिदासने घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणाला, "एक."

त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दोन. तीन." आकडा आणि ताण दोन्ही एकदम सांभाळायचं म्हणजे त्याला घाम फुटत होता. सहा. सात. नळीतून तिचे ओठ दिसत होते. ते किंचित हलत होते, त्याच्या मागून. अकरानंतर त्याचा आकडा सुटला. अकरा झाले की बारा? तो थांबला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीने त्याने तिच्याकडे पाहिलं.

तिने ओठ मिटून घेतले. नाही अशी मान हलवली आणि तार घट्ट धरून तशीच थांबली.

त्याने खाचेतल्या तारा बोटाने मोजल्या. अकरा होत्या.

"बारा," तो म्हणाला.

चोवीस

भैयाजी मोटर न्यायला आला तेव्हा ती कडेला तयार होती. हरिदासने त्याच्यासमोर मीटर लावला. लाल–पिवळी, पिवळी–निळी, निळी–लाल. तानाबाई पाठमोरी होऊन तारांचे तुकडे झाडत होती.

"हे काय नवीन?" भैयाजी म्हणाला. "तुमच्याकडे तं मोजणीवर मीटर लागत नवता. वयनीची मोजणी हाय ना?"

हरिदासने तिच्याकडे पाहिलं. कालच, शेवटची गाठ मारताना, ती म्हणाली होती, भैयाजीले सांगजा, मोजणी माही नाई म्हून. लपवू नका. त्याने तेव्हा हो म्हटलं होतं. 

झाडू थांबला होता.

"हात तिचे हाय," तो म्हणाला. "मोजणी माही."

"तुमची? काऊन?"

हरिदासने मीटरच्या वायरी गुंडाळल्या. भैयाजीच्या तोंडाशी थट्टा आली होती. तो आधी हरिदासकडे पाहून राहिला, मग तिच्या पाठीकडे. थट्टा त्याने गिळली.

"येते काय तुम्हाले मोजता?" शेवटी त्याने हळूच विचारलं.

"शिकून राह्यले," तानाबाई म्हणाली. "उशिरा शाळेत घातलं, पण शिकते."

मोटर दोघांनी मिळून गाडीत चढवली. भैयाजी दाराशी परत आला, टोपी काढून पुन्हा घातली. "वयनी, जपून राहजा."

"मले काय झालं? मोटर पाहा तुमची. तिन्ही आकडे सारखे हाय," ती म्हणाली, आणि मग खात्री नसल्यासारखी हरिदासकडे वळली.

हरिदासने मान हलवली. सारखे आहेत.